‘चार्जिंगला लावून बघा’ हे उत्तर पुरे झालं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी वारंवार उतरणे

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. ॲपवरच्या शेवटच्या नोंदीनुसार मोठ्या बॅटरीत ७० टक्के चार्ज आहे आणि गाडी मढ्यासारखी पडून आहे. रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर मल्टिमीटर ९.८ व्होल्ट दाखवतो, म्हणजे ती पार उतरलीय. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या प्रतिनिधीला मात्र सांगावा लागला. “सर, गाडी चार्जिंगला लावून बघा.” म्हटलं, छोटी बॅटरी उतरली की मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, जोडलेच जात नाहीत, गाडी चार्जरला ओळखच देत नाही, मग चार्जिंग सुरू कसं होणार? थोडा वेळ शांतता. मग, “सर, रात्रभर लावून बघा.” अंधार पडला की व्होल्टेज आपोआप वाढतं, असं मॅन्युअलमध्ये असेल तर पान नंबर कळवा. शेवटी कळस: “मग गाडी वर्कशॉपला घेऊन या.” कशी? डोक्यावर?

बॅटरी बदलून भागणार नाही. मागच्या खेपेला बदललीत, तीही उतरली. मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक आहे. गाडी ‘रेडी’त असताना १४.२ व्होल्ट मिळतात. दोष गाडी उभी असताना आहे. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच दाबा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, मग गाडी लॉक करा, तासभर थांबा आणि निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावा. करंट ५० मिलिअँपच्या आत यायला हवा, इथे ५०० च्या आसपास येतो. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी या हिशेबाने चार दिवसांत रिकामी. टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीची माहिती नेटवर्कवरून ॲपला पाठवणाऱ्या मॉड्यूलचा, फ्यूज काढला की आकडा लगेच खाली येतो, म्हणजे ते मॉड्यूल झोपतच नाही. एवढं तपासायला तुमच्या वर्कशॉपला सवड नाही, पण “चार्जिंगला लावा” म्हणायला आहे.

तेव्हा ते मॉड्यूल बदला किंवा त्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करा, उभ्या गाडीतला करंट मोजून आकडा जॉब कार्डवर लिहून द्या, आणि नवी बॅटरी वॉरंटीत बसवा. उभ्या गाडीत मोठ्या बॅटरीतून छोटी अधूनमधून भरून घेण्याची सोय इतर कंपन्या देतात. तुमच्याकडून तेवढी तरी अपेक्षा होती. लेखी उत्तर आलं नाही तर हीच रीडिंग ग्राहक न्यायालयात दाखवीन.

गाडी न्यायला फ्लॅटबेडच पाठवा. मागे क्रेन पाठवली होतीत. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून वीज तयार करते आणि इन्व्हर्टर जळू शकतो, हे त्या क्रेनवाल्याला ठाऊक होतं. तुमच्या हेल्पलाइनला नव्हतं.