चेंडू आपल्या शिवेत

ट्रली, काउंटी केरी, आयर्लंड
रविवार, रात्र

प्रिय विज्या,

इथे क्रिकेट आहे का, विचारलंस. असेल कुठेतरी, पण केरीत त्याचं नाव काढू नकोस. इथे गेलिक फुटबॉल, हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश फुटबॉल! आणि मला त्यापेक्षाही त्याच्या आज्याने, ‘काड्य’ नावाच्या जुन्या खेळाने, वेड लावलंय.

पूर्वी रविवारची प्रार्थना आटोपली की शेजारशेजारच्या दोन पॅरिशचे, म्हणजे एकेका चर्चखालच्या वस्त्यांचे, गडी भिडायचे. वर चामडं, आत फुगवलेलं जनावराचं मूत्राशय, असा तो चेंडू. गोलबिल काही नाही. तो आपल्या शिवेत नेला की जिंकलो! मध्ये शेतं, बांध, ओढे येतील ते येतील. चेंडू काखेत मारून पळा, पळणाऱ्याला धरा, आडवा पाडा, सगळं चालायचं. दिवस मावळेपर्यंत हेच. दुसरा एक प्रकार मैदानातला होता. त्यात दोन झाडांच्या फांद्यांची कमान करून तिच्यातून चेंडू घालवायचा. पण मला विचारशील तर खरी मजा शिवेचीच.

मग १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावच्या हॉटेलात मायकल क्युसॅक आणि मंडळींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही आयरिश खेळांची संघटना काढली. पहिले अध्यक्ष मॉरिस डॅव्हिन यांनी नियम बांधले. सुरुवातीला एका बाजूला २१ जण असत, १९१३ पासून १५. धिंगाण्याला वेसण बसली, ठीकच झालं म्हणा, हाडं तरी शाबूत राहिली.

पण शीव काही सुटली नाही. क्लब आजही बहुतेक पॅरिशचाच असतो. डब्लिनच्या क्रोक पार्कात ८० हजारांवर लोकांपुढे खेळणाऱ्यालाही खेळाचा पगार नाही, तो सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात हजर. आजच्या क्लबच्या सामन्यात गोलजवळचे पांढऱ्या डगल्यातले पंच पॉइंटला (चेंडू आडव्या दांड्यावरून गेला की) पांढरं निशाण हलवायचे, गोलला (खालून जाळ्यात गेला की) हिरवं, आणि माझ्या शेजारच्या आजीबाई प्रत्येक निशाणाला त्यांच्याशी हुज्जत घालत होत्या. पलीकडचं गाव चार मैलांवर, निम्मं त्यांच्याच नात्यातलं. तरी!

आर्मा आणि कॉर्ककडे तर सुमारे ८०० ग्रॅमचा लोखंडी गोळा भर रस्त्यावरून फेकत नेतात. कमी फेकीत ठरलेलं अंतर कापेल तो जिंकला. ते अजून पाहायचंय, तू आलास की जाऊ.

येशील तेव्हा चिखलाचे बूट आण. कुणाच्या बाजूने ओरडायचं ते मी सांगेन. चुकून पलीकडच्यांना टाळी वाजवलीस, तर घरमालकीणबाई दोघांनाही चहा देणार नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास