ट्रक निघण्याआधीच्या तपासणीविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मालवाहू ट्रकची कागदपत्रे वाटेत अनेकदा तपासली जातात, पण त्याचे ब्रेक, टायर आणि दिवे गाडी हलण्यापूर्वी कोणी पाहिले होते का, हे विचारणारे कोणी नसते. म्हणूनच प्रत्येक फेरीपूर्वीची लेखी तपासणी सर्व व्यावसायिक ट्रकना बंधनकारक करावी, अशी विनंती मी या पत्राद्वारे करीत आहे.

कागदांची व्यवस्था गेल्या काही वर्षांत सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. मोटार वाहन नियमांच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून आरसी, विमा, परमिट, फिटनेस आणि पीयूसी मोबाइलवर दाखवता येतात. माल वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाला साधारणपणे २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि ती मुदत मालक, ट्रान्सपोर्टवाला व चालक अशा तिघांच्याही डोक्यात पक्की बसलेली असते. माल भरण्यातच वेळ गेला, की उरलेल्या मुदतीत पोहोचण्याची घाई सुरू होते, आणि त्या घाईत सर्वांत आधी वगळली जाते ती गाडीभोवती फिरून करायची तपासणी.

फिटनेस प्रमाणपत्र ही उणीव भरून काढू शकत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे ते एका दिवसाची स्थिती सांगते. मधल्या काळात ब्रेकचे लायनर झिजतात, ब्रेकची सरक नेमकी ठेवणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर ढिले पडतात, ब्रेकला हवा पुरवणाऱ्या पाइपांना चिरा जातात. अशा गाडीचा ब्रेक सपाट रस्त्यावर चालकाला ठीक वाटू शकतो. पण भरलेली गाडी लांब घाट उतरू लागली, की ब्रेकचा ड्रम तापून प्रसरण पावतो, ब्रेकला आणखी लांब सरकावे लागते आणि नेमकी तेव्हाच त्याची ताकद संपते. निघण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावून, ब्रेकच्या टाकीत हवेचा पूर्ण दाब भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला आणि दाबाचा काटा सतत खाली सरकत राहिला, तर गळती आहे हे जागच्या जागी समजते. चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर तो नट ढिला असण्याची शंका घ्यावी. जोडचाकांपैकी आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून दिसत नाही. त्यासाठी वाकावे लागते, हात लावावा लागतो.

सुरक्षेच्या साहित्याचेही तसेच आहे. बंद पडलेला ट्रक रात्री मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून रिफ्लेक्टर पट्ट्या आणि चेतावणीचा त्रिकोण असतो. पण पट्टी चिखलाने माखलेली, मागचा दिवा ताडपत्रीखाली झाकलेला आणि त्रिकोण सामानाच्या तळाशी असेल, तर त्यांचा उपयोग काय? मागची लहान गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून बसवलेला आडवा दांडा वाकलेला किंवा काढून टाकलेला असणे, हे तर मला सर्वांत गंभीर वाटते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, सर्वसाधारण काळजी घेतली असती तर लक्षात आला असता अशा धोकादायक दोषासह गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, असे दोघेही दोषी ठरतात. म्हणजे काळजी घेणे कायद्याला अपेक्षितच आहे. फक्त ती घेतल्याची नोंद कुठेही होत नाही. अपघातानंतर ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले जाते आणि तो दोष आदल्या दिवशी होता की नव्हता, मालकाला माहीत होता की नव्हता, हे ठरवायला हाती काहीच नसते.

धोकादायक मालाच्या बाबतीत आपल्याच नियमांनी वेगळी वाट दाखवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये माल पाठवणारा, वाहनमालक आणि चालक या तिघांवर स्वतंत्र जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये तर चालकाने रोज गाडीभोवती फिरून तपासणी करावी आणि लेखी कळवलेल्या दोषांच्या नोंदी मालकाने किमान पंधरा महिने जपाव्यात, अशी पद्धत रुळलेली आहे.

आपल्याकडे अशा तपासणीचा तक्ता एका पानाचा आणि चालकाच्या भाषेत असावा. ब्रेक, टायर, दिवे, दांडा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मालाची बांधणी आणि कागदांच्या मुदती एवढेच त्यात पुरे. चालकाबरोबर गाडी रवाना करणाऱ्यानेही त्यावर सही करावी. केवळ चालकाची सही घेतली, तर सगळा दोष त्याच्याच माथी मारण्याचे ते नवे साधन होईल, अशी मला काळजी वाटते.

त्याहून महत्त्वाची तरतूद म्हणजे नकाराचा अधिकार. दोष नोंदवून गाडी काढायला नकार देणाऱ्या चालकाची फेरी, पगार किंवा नोकरी त्या कारणावरून जाणार नाही, असे नियमातच लिहावे. आणि दोष दुरुस्त होईपर्यंत गेलेला वेळ ई-वे बिलाच्या मुदतीत धरला जाऊ नये, यासाठी आपल्या मंत्रालयाने अर्थ मंत्रालयाशी बोलावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
मालवाहतुकीच्या सुरक्षिततेची आस्था असलेला एक नागरिक