सोयऱ्यांविरुद्ध अर्ज

गुहागर

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या घालशील. घाल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

पण हे तुलाच कळवायला हवं. वानरांच्या बंदोबस्ताचा अर्ज लिहायचं काम ग्रामसभेनं माझ्या गळ्यात मारलंय. का, तर 'सर मराठीचे'! जन्मभर पोरांकडून 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' घोकून घेतलं, आता त्याच सोयऱ्यांना पकडून न्या म्हणून वनखात्याला विनंती करायची. हसू नकोस. तक्रार खरी आहे. कोवळे नारळ, पपया, वालाच्या शेंगा, काही ठेवत नाहीत. शेजारच्या काकूंनी भाजी लावणंच सोडलं.

त्यात गेल्या आठवड्यात टोळीत नवा हुप्प्या, म्हणजे दांडगा नर, आला. जुन्याला हाकललं आणि आमच्या गोठ्याच्या कौलांवर एक अंगावरचं पिल्लू चावून मारलं. वास यायला लागला तरी आई ते पोटाशी धरून हिंडत होती. मला 'सत्तांतर'च आठवलं. व्यंकटेश तात्या माडगूळकरांनी 1982 साली त्या कादंबरीत हेच लिहिलं, ना गळा काढला, ना नराला खलनायक केलं. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, एवढाच त्यातला हिशोब. धारवाडच्या वानरांत अभ्यासकांनी साठच्या दशकातच हे टिपलं होतं. तू मात्र हॉस्टेलात 'ही कादंबरी नव्हे, टिपणवही' म्हणून हटून बसलास. 1983 ला तिला साहित्य अकादमी मिळाली तरी हटला नाहीस!

माझं दुखणं वेगळंच आहे. आपल्या लेखक-कवींनी रान जीव लावून पाहिलं, कुंपण फारसं पाहिलं नाही. 'सत्तांतर'मध्ये वानरं एकमेकांच्या जिवावर उठतात, कुणा काकूंचा वाल त्यांच्या तोंडी लागत नाही. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' माझ्या उशाशी असतं, पण त्यातला मोहोर बघणाऱ्याचा, राखणाऱ्याचा नव्हे. कवी महानोर स्वतः शेतकरी, तरी त्यांचं पीक गाण्यातच डोलतं. आणि प्राकृत गाथांची ती तुझी लाडकी गाथासप्तशती! शेतराखण आहे तिथं, पण राखणारणीचं लक्ष पोपटांवर कमी, येणाऱ्या प्रियकरावर जास्त.

मी अर्जात त्या मेलेल्या पिल्लाचा परिच्छेद घातला होता. सरपंच म्हणाले, "सर, कादंबरी नको, नुकसानीचा आकडा घाला." म्हणजे टिपणवहीच हवी. जिंकलास.

वहिनींचा मोतीबिंदू निघाला का? चिरंजीव पुण्याला लागल्याचं कळलं, छान झालं. मसुदा सोबत आहे. पिल्लू मी काढलेलं नाही. तुला काढावंसं वाटलं तर कारण लिही. सोमवारी अर्ज द्यायचाय, तेव्हा नेहमीसारखा चार दिवस उशाखाली ठेवू नकोस.

तुझा,
दिग्या