सीमेपलीकडे माहेर असलेल्या लेकींची दाद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या सोयरिकी राज्याची हद्द पाहून ठरत नाहीत. महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या मुली कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, हुक्केरी तालुक्यांत नांदतात आणि इकडच्या तिकडे. जाच असह्य होऊन लेक माहेरी परतली, की मात्र हीच हद्द तिच्या आड येते. ‘मारहाण त्या राज्यात झाली, तक्रारही तिकडेच द्या,’ असे घरचे, शेजारचे आणि कधी कधी ठाण्यातलेही तिला ऐकवतात. जीव मुठीत धरून जे गाव सोडले, तिथेच तिने एकटीने परत जाऊन तक्रार करावी, हा सल्ला निर्दयी तर आहेच, शिवाय तो कायद्याला धरून नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यातील कलम २७ नुसार, पीडित महिला कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो आणि त्यांचा आदेश देशभर लागू होतो. म्हणजे गडहिंग्लजच्या न्यायालयाचा आदेश खानापुरातल्या नवऱ्यालाही पाळावा लागतो. सासरच्या छळाची फौजदारी तक्रारही महिलेने जिथे आसरा घेतला तिथे देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे.

तरीही आपल्याकडे प्रकरण आधी बैठकीत जाते. ओसरीवर दोन्हीकडची चार मोठी माणसे बसतात, चहा होतो, नवरा खाली मान घालून ‘पुन्हा असं होणार नाही’ म्हणतो आणि जिच्यासाठी हे सगळे जमलेले असतात ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. तिला कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी तिची पिशवी भरून तिला परत नांदायला धाडले जाते आणि पुढच्या वेळी ती माहेरी काही कळवतच नाही. समेटाला माझा विरोध नाही, पण तिला एकटीला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय झालेला समेट तिचा नसतो, इतके तरी पंचांनी मानावे.

अंगावर वळ नसले म्हणजे छळ नाही, हाही गैरसमजच. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची अडवणूक या सगळ्यांना हा कायदा हिंसाच म्हणतो. कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिन्याचे २,००० रुपये सुनेच्या खात्यावर जमा होतात, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पासबुक सासूच्या ट्रंकेत, अशी घरे आपल्या ओळखीत नाहीत का? माहेर महाराष्ट्रातले असेल आणि आधारवर अजून तिथलाच पत्ता असेल, तर कर्नाटकातल्या महिलांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेतला मोफत बसप्रवासही मिळत नाही आणि तालुक्याला जायचे तरी भाड्यासाठी हात पसरावा लागतो. अशा महिलेने आपल्या कागदपत्रांच्या झेरॉक्स विश्वासाच्या एखाद्या घरी ठेवून द्याव्यात.

भाषेची अडचण खरी आहे. चंदगडहून आलेल्या सुनेला कन्नडमध्ये लिहिलेला जबाब वाचता येत नाही. तो समजेल अशा रीतीने वाचून दाखवा, असे तिने निःसंकोच म्हणावे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतूनही देता येतो. महिलेला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

शेजाऱ्यांसाठीही एक गोष्ट. भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकून ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणत आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. वास्तविक अशी माहिती कोणीही याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर त्याच्यावर कोणतीही कारवाई होत नाही. कर्नाटकात हे काम तालुक्याचे बालविकास योजना अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीडीपीओ म्हणतो ते, पाहतात. अंगणवाडी ताईंना त्यांचे कार्यालय ठाऊक असते. तातडीच्या वेळी ११२ आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात.

आपल्या दैनिकास विनंती, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी येथील सीडीपीओ कार्यालयांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक खात्री करून दर आठवड्याला एका छोट्या चौकटीत छापावेत. ती चौकट महिला संघांच्या बैठकीत वाचून दाखवण्याचे काम आम्ही गावोगावच्या बायका करू.

आपली विश्वासू,
एक वाचक, ता. खानापूर