टेक्नोवर नको, आवाजावर आक्षेप घ्या

बर्लिनच्या टेक्नो (जोरकस ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) संस्कृतीवर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जर्मनीने २०२४ मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले, हे लेखकाला गोंगाटाचे कौतुक वाटते. पटले नाही. मिनिटाला १३०च्या आसपास ठोके, खर्जाचा दणका थेट छातीत. पाय आपोआप ठेका धरतात. ढोल-ताशा पथकापुढे उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको! आक्षेप घ्यायचाच तर आवाजाच्या पातळीवर घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये असे संगीत वाजते त्या क्लब-कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आणि श्रोत्यांना इयरप्लग उपलब्ध करून देण्यासही सांगितले. घरी परतल्यावर कानात वाजत राहणारी शिट्टी ही आतल्या नाजूक पेशींवर ताण आल्याची खूण असते. आपल्याकडच्या आयोजकांनी तिकिटाबरोबरच इयरप्लग द्यावेत.

— एक वाचक, पुणे