आमचं औंध पुण्यात कधी गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला संग्रहालयांवरचा लेख वाचला, लेख बरा होता, पण फोटोखाली "भवानी संग्रहालय, औंध, पुणे" बघितलं आणि चहा तसाच गार झाला. रविवर्म्याची सैरंध्री, हेन्री मूरचं शिल्प, असलं सगळं ठेवलेलं आमचं संग्रहालय यमाईच्या डोंगरावरनं उचलून मुळेच्या काठाला नेलं कुणी? रात्रीतच नेलं असणार, कारण गावात कुणाला पत्ता नाही.

तुम्हाला वाटेल एवढ्याशा गोष्टीवरनं म्हातारा तापलाय. गेल्या दिवाळीत पोरानं आईसाठी गुडघ्याचा पट्टा ऑनलाइन मागवला, पत्त्यात ता. खटाव, जि. सातारा, पिनकोड ४१५ वरनं सुरू होणारा, सगळं नीट. चार दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन, पुण्याच्या औंधातनं, काका ब्रेमेन चौकात उभाय, आता कुठं वळू? मी म्हणलं, बाबा तू आधी मागं वळ, कात्रज ओलांड, शिरवळ ओलांड, साताऱ्याला ये, रहिमतपूरवरनं आत ये आणि यष्टी स्टँडवर कुणालाही विचार. पोरगं जरा वेळ गप्प बसलं, मग म्हणतंय, "काका, लिफ्ट आहे ना?" पट्टा अकरा दिवसांनी आला आणि तोपण मापाला लहान, पण तो दोष तुमचा नाही.

संस्थान होतं साहेब हे. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार लोकांच्या हातात दिला, किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलचा माळ दिला तोही यांनीच. पुण्याच्या औंधशी आमचं भांडण नाही, आमची निम्मी पोरं तिकडंच भाड्यानं राहतात.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या माझ्या साडूला तर प्रत्येक लग्नात कोणतरी म्हणतंच, मजा आहे बुवा, थंड हवेला राहता! मे महिन्यात या म्हणावं एकदा. आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगावच्या पाहुण्यांना दर १ जानेवारीला मुंबईवरनं फोन, बंदोबस्त कसाय म्हणून. अहो ते कोरेगाव शिरूर तालुक्यात, भीमेकाठी.

पण ती साधी माणसं, तुम्ही पेपर काढता. मागं साताऱ्याच्या शाहू महाराजांवरच्या मजकुराला तुम्ही कोल्हापूरच्या राजर्षींचा फोटो लावला होता. साताऱ्याचे शाहू १७४९ साली गेले, तेव्हा कॅमेरा कुणाच्या आज्यानं बघितला होता? त्यावेळी पण पत्र धाडलं होतं, छापलं नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत छापा ही विनंती, सातव्या पानावर टेंडर नोटिशीच्या खाली नको. आणि शब्दकोड्याची उत्तरं दोन रविवार झाले येत नाहीत, १४ आडवं काय होतं तेवढं तरी कळवा.

आपला,
एक जुना वाचक
औंध (जि. सातारा)