व्हिस्कीच्या वखारीची गोष्ट

सॅन फ्रान्सिस्को
रविवार, दुपार

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘किल्ले जपा, देवळं जपा, पण गोदामं कसली जपायची?’ हे तू लिहावंस? ज्याचं बालपण आडत दुकानात पोत्यांवर लोळण्यात गेलं, त्यानं? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझ्या ऑफिसपासून जॅक्सन रस्ता जवळच आहे. तिथं ४५१ नंबरला एक विटांची, गिलावा केलेली जुनी इमारत आहे. ए. पी. होटालिंग या दारूच्या घाऊक व्यापाऱ्यानं ती १८६६ साली बांधली. दर्शनी भाग इटालियन थाटाचा, पण आत काय, तर व्हिस्कीची पिंपं! जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी शेजारच्या बोळात जाऊन तिच्या लोखंडी झडपा बघत उभा राहतो. रंगाचे इतके थर चढलेत की कडा बोथट झाल्यात. बोटानं ठोकलं की जाड पत्र्याचा बद्द आवाज येतो.

त्या झडपा शोभेच्या नाहीत. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शलला कोलोमा गावापाशी नदीत सोनं दिसलं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को हे जेमतेम हजार वस्तीचं गाव होतं, १८४९ सरेपर्यंत पंचवीस हजारांच्या घरात गेलं. घरं कसली, तंबू आणि लाकडी खोकी! डिसेंबर १८४९ ते जून १८५१ एवढ्या काळात सहा मोठ्या आगी लागल्या. दरवेळी राखेवर पुन्हा फळ्या ठोकायच्या. शेवटी व्यापारी शहाणे झाले. विटांच्या भिंती आल्या, लोखंडी झडपा आल्या आणि पुढच्या पिढीनंही तीच रीत धरली. सोन्याच्या गावाला आगीची किती धास्ती होती, ते या झडपांवरून कळतं.

आणि जागा बघ. आज खाडी इथून बरीच लांब आहे, पण तेव्हा पाणी मॉन्टगोमेरी रस्त्यापर्यंत यायचं. खलाशी जहाजं टाकून खाणींकडे पळाले. ती जहाजं कुणी वखारी म्हणून वापरली, कुणी दुकानं म्हणून, आणि पुढे भराव पडला तेव्हा कित्येक तशीच गाडली गेली. १९७८ साली पाया खोदताना ‘नियान्टिक’चा सांगाडा सापडला. ‘रोम’ नावाच्या जहाजातून तर आज ट्रामचा बोगदा जातो. रोजचे प्रवासी मोबाइलमध्ये डोकं घालून त्याच्या पोटातून पार होतात. त्यांना पत्ताही नाही!

आता माझा खरा मुद्दा. सोनं धुणारे बहुतेक जण कफल्लकच राहिले. कमावलं ते त्यांना फावडी, पीठ, दारू विकणाऱ्यांनी. इटलीहून पेरूमार्गे आलेल्या घिराडेलीनं आधी खाणकामगारांना किराणा विकला, मग याच जॅक्सन रस्त्यावर चॉकलेटचा कारखाना काढला. खाणी ओस पडल्या, नद्या गाळानं भरल्या. ते सोनं अखेर कुणाच्या गल्ल्यात गेलं, हे बघायचं तर या वखारींपाशीच यावं लागतं. राजवाडा ते सांगणार नाही.

१८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि त्यामागची आग यांत अठ्ठावीस हजारांवर इमारती गेल्या. होटालिंगची वखार वाचली. लष्कर आग अडवायला सुरुंगानं इमारती उडवत होतं. इथं मात्र एवढी दारू पेटली तर काय, हा प्रश्न होता. शेवटी नौदलाच्या माणसांनी धक्क्यावरून जवळपास मैलभर होज टेकडीवरून ओढत आणून पाणी मारलं. मग गावात विनोद निघाला, की देवाला पापी शहराला शिक्षाच करायची होती, तर त्यानं चर्चं जाळून होटालिंगची व्हिस्की का राखली? हा विनोद कवनाच्या रूपात आता वखारीच्या भिंतीवरच्या पाटीवर आहे.

आता चीड आणणारी गोष्ट. जवळच ‘मॉन्टगोमेरी ब्लॉक’ होता. १८५३ मधली चार मजली व्यापारी इमारत, रेडवूडच्या ओंडक्यांच्या तराफ्यावर उभी केलेली. लोक तिला हसले होते. ती १९०६ मध्येही तगली. आणि १९५९ साली पाडली, कशासाठी? गाड्या लावायला! आज तिथं ट्रान्सअमेरिका पिरॅमिड आहे, १९७२ चा. दिसतो रुबाबदार, मान्य. पण पार्किंगसाठी ती इमारत घालवली, हे मला अजून पचत नाही.

जॅक्सन स्क्वेअर, म्हणजे या जुन्या वखारींचा हा सगळा भाग, वाचला त्याचं श्रेय एकट्या सरकारला देऊ नकोस. १९५० च्या दशकात फर्निचर आणि अंतर्गत सजावटीचे घाऊक व्यापारी स्वस्त भाड्यापायी इथं आले, इमारती दुरुस्त केल्या, वापरल्या. पालिकेचं संरक्षण आलं १९७२ मध्ये. पुढे १९८९ च्या भूकंपानंतर विटांच्या जुन्या इमारती पोलादानं मजबूत करणं सक्तीचं झालं. आता भाडी अशी आहेत, की होटालिंगसुद्धा घासाघीस करून परत जाईल. हे मला आवडत नाही, पण रिकाम्या, गळक्या वखारीपेक्षा महागडं दुकान परवडलं.

आणि मुंबईचं म्हणशील, तर याच अमेरिकेच्या यादवी युद्धानं १८६० च्या दशकात आपल्याकडे कापसाची तेजी आणली. त्या पैशानं फोर्ट भागाचं रूप पालटलं. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलची दशा तू रोज बघतोसच. तेही धंद्यासाठीच बांधलेलं होतं ना?

तुमच्या पेठेतलं ते आडत दुकान विकायला काढलंय म्हणतोस. विक, तुझा हक्क आहे. पण आधी काकांना विचार, ते बांधलं कुणी, मागच्या बाजूला गाड्या कुठून यायच्या, वजनकाटा कुठे टांगायचे. लिहून काढ आणि मला पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद